भाखरोदची इचरज

तापीकाठच्या प्रकाशा गावात मारवाड्याचं घर एकच होतं, आणि त्या घरातली इचरजबाई दोन गोष्टींसाठी गावभर ओळखली जायची. एक म्हणजे तिच्या हातचं कैरीचं लोणचं वर्ष उलटलं तरी नरम पडत नसे. दुसरी म्हणजे माहेरच्या गावाबद्दल ती बोलायला लागली की तिला आवरणं कोणाच्या बापाला जमत नसे. ऐकणाऱ्या बायका हातातलं काम संपलं की उठून जात, आणि इचरजबाई उरलेलं भिंतीला सांगे.

"आम्हना भाखरोदमा माटीनं एक बी घर नही," ती म्हणायची. "भिती दगडन्या, जिना दगडना, वरनं छत बी दगडनं."

छत दगडाचं ही गोष्ट प्रकाशाच्या बायकांना काही पटत नसे. त्यांची घरं मातीची, वर मातीचं धाबं. मिरग जवळ आला की खारी माती आणून धाब्यावर पसरायची, एवढंच त्यांना छताबद्दल ठाऊक. तापीकाठची देवळं तेवढी दगडाची, घाट दगडाचा. शेजारच्या तुळशीबाईचा नवरा दोधू नाव चालवायचा, आणि त्याचं म्हणणं असं की दगडाच्या घरात देवाने राहावं, माणसाला माती बरी.

"दगडनं छत डोकावर पडनं ते?" तुळशीबाई विचारायची.

"नही पडत."

"तुन्ही माय जित्ती शे ना तठे?"

"शे."

"मंग नही पडत व्हई," असं म्हणून तुळशीबाई हसायची. चेष्टा तिची, पण त्या चेष्टेत इचरजबाईला एक सुख मिळायचं. माय जित्ती शे, हे त्या निमित्ताने तिला मोठ्याने म्हणता यायचं.

इचरज म्हणजे मारवाडीत अचंबा. संवत छप्पन्नचा, म्हणजे इसवी एकोणीसशेच्या सुमाराचा, दुष्काळ पडला त्या साली ती जन्मली. भाखरोदची विहीर तळाला गेलेली, गुरं संपलेली, बाळंतिणीच्या छातीत दूध नाही, आणि ही पोर मेली नाही. तिची आई बदामबाई रोज सकाळी उठून आधी तिच्या नाकाशी बोट धरून बघायची. श्वास लागला की म्हणायची, इचरज आहे. तेच नाव पडलं. अकराव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि वऱ्हाडाबरोबर ती इतक्या लांब, खानदेशात येऊन पडली.

आता कोणी म्हणेल, माहेर लांब असलं म्हणून काय झालं, आगगाडी होतीच की. होती. पण मारवाड्यांत लेकीने आपल्या पायाने माहेरी जायची रीत नाही. माहेरचं माणूस न्यायला यावं लागतं. न बोलावता गेलेल्या लेकीला लोक हाकलून दिलेली समजतात. तुळशीबाई याला 'लेवाले येणं' म्हणायची. तिला तिचा भाऊ लेवाले यायचा तो चार कोसांवरून, बैलगाडीत, तोंडात विडी धरून. इचरजबाईला भाऊच नव्हता. होता तो एक बाप.

तो आला, एकदा. सुगनचंद त्याचं नाव. लग्नाला पाचसहा वर्षं झाली असतील. ऐन चैत्रात आला आणि लेकीच्या घरी पाणीसुद्धा प्यायला नाही. हीही रीतच. ज्या गावात लेक दिली त्या गावचं पाणी बापाने प्यायचं नाही. ओठ पांढरे पडले तरी तो ओट्यावर ताठ बसून राहिला, आणि मग उठून घाटावर गेला आणि ओंजळीने तापीचं पाणी प्यायला. नदी लांब मुलताईहून येते, ती काही प्रकाशाची नव्हे, असं त्याने मनाशी ठरवलं. इचरजबाईने घरातून हे पाहिलं आणि तिला हसू आलं. ते हसू त्याने परत येताना पाहिलं, आणि तेच त्याने पाहिलेलं तिचं शेवटचं. त्या वेळी तिला सहावा महिना होता, आणि सासूने सांगितलं की अशा दिवसांत पाठवणार नाही. बाप म्हणाला, बरं, पुढच्या साली येतो. जाताना एक बातमी तेवढी देऊन गेला, तिला भाऊ झालाय, इंदरचंद.

पुढच्या साली तो आला नाही, त्याच्या पुढच्या साली मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आली. तिने भाखरोदात बापाला नेलं, इकडे सासूला नेलं, आणि इचरजबाईचा पहिला मुलगा पन्ना, ज्याच्यापायी ती माहेरी जाऊ शकली नव्हती, त्यालाही नेलं. अकाली गेलेल्याला पितर मानायचं आणि त्याच्या नावाचा चांदीचा पत्रा गळ्यात घालायचा, असं त्यांच्यात असतं. तिने कवडीएवढा एक पत्रा सोनाराकडून घडवून घेतला आणि काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातला. तो तिने अंघोळीलाही कधी काढला नाही. त्यानंतर तिला मूल झालं नाही.

मग ती भाऊ मोठा होण्याची वाट पाहत बसली. न पाहिलेल्या भावाची. तो आता चालत असेल, आता पाटीवर अक्षरं काढत असेल, आता त्याला मिसरूड फुटलं असेल. ही वाट पाहण्यात तिची जवानी गेली असं म्हटलं तर तिला राग आला असता, पण गेली हे खरं आहे.

आणि या सगळ्या वर्षांत आणखी एक गोष्ट गेली, ती मात्र तिच्या ध्यानातच आली नाही. सासू गेल्यावर त्या घरात मारवाडी बोलणारं कोणी उरलं नाही. नवरा सुमेरमल प्रकाशातच जन्मलेला, त्याचा बापही इथलाच. मारवाडी त्याला चार व्रतांपुरती आणि शिव्यांपुरती यायची. शिवाय माणूस अबोल. दुकानात येणारे कुणबी, नावाडी, डोंगरातून उतरलेले भिल्ल, सगळ्यांशी इचरजबाई बोले ते अहिराणीत. तुळशीबाईशी भांडायची अहिराणीत, गोड बोलायची अहिराणीत, पन्नासाठी रडली तीही अहिराणीत. अकराव्या वर्षी आणलेली भाषा जिभेखाली कुठेतरी राहिली होती आणि तिला वाटे की ती आहे तशीच आहे. पेटीतलं वस्त्र कसर लागल्याशिवाय थोडंच राहतं. पण पेटी उघडायची वेळच आली नव्हती.

इसवी एकोणीसशे पस्तीसच्या दिवाळीनंतर एक दिवस ती दुकानात मीठ जोखत होती. पायरीशी एक तरुण येऊन उभा राहिला. डोक्याला साफा, पायात मारवाडी जोडा, अंगावर प्रवासाची धूळ. त्याने तिच्याकडे पाहिलं, दुकानाकडे पाहिलं, आणि विचारलं, "जीजी?"

तिला जीजी, म्हणजे थोरली बहीण म्हणून, जन्मात कोणी हाक मारलेली नव्हती. तागडी तिच्या हातात तशीच राहिली. गिऱ्हाईक म्हणालं, बाई, मीठ सांडी ऱ्हायनं. तिने ऐकलं नाही.

"मा बुलावे है," तो म्हणाला. "मा आंधी व्हैगी. केवे है, इचरजने ले आ."

आई आंधळी झाली होती आणि म्हणत होती, इचरजला घेऊन ये. इचरजबाईने मिठाचे हात तोंडाला लावले आणि दुकानात सगळ्यांसमोर रडली.  शिंपल्यासारखा मिटलेला सुमेरमल संध्याकाळी एवढंच म्हणाला, "जाय. दुकान मी दखस." आणि स्वतः जाऊन दोधूला सकाळची नाव सांगून आला. तुळशीबाईने वाटेसाठी कळण्याच्या भाकरी बांधून दिल्या आणि म्हणाली, "छत दखी ये वं. आनि मायले मन्हा रामराम सांग."

तापी उतरून नंदुरबारला, तिथून आगगाडी. गाडीत बसल्यावर इचरजबाईच्या तोंडाला खळ राहिली नाही. विहीर तशीच आहे का, गोखड्यात, म्हणजे त्या दगडी झरोक्यात, आई अजून बसते का, समोरच्या घरातली म्हातारी आहे का. इंदरचंद ऐकत होता आणि मध्येच हसू दाबत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"जीजी, थे बोलो कांई हो?"

"मारवाडी बोलस ना."

तो खदखदून हसला. मग तीही हसली. हसू दे, पोर आहे, म्हणाली. पण सुरत मागे पडल्यावर ती गप्प झाली आणि ओठांतल्या ओठांत एक वाक्य घोळवायला लागली. आईपुढे गेल्यावर पहिलं काय बोलायचं ते. मा, म्हैं आई हूं. मा, म्हैं आई हूं. आई, मी आले आहे, एवढंसं वाक्य, पण 'हूं'च्या जागी जीभ सारखी 'शे'कडे घसरत होती. मारवाडात उतरेपर्यंत तिने ते पक्कं केलं.

भाखरोद तिच्या शब्दाबाहेर एक तसूभर नव्हतं. तिने बायकांना चोवीस वर्षं सांगितलं, त्यात खोटं काही नव्हतं. डोंगराच्या अंगाला धरून तांबड्या दगडाची घरं एकावर एक चढत गेलेली. एकाचं छत ते वरच्याचं अंगण. गल्ली म्हणजे पायऱ्याच, मधोमध पावलांनी खोल झालेल्या. छपरांना लांब दगडी पट्ट्या, दारांवर दगडातून काढलेली वेलबुट्टी, पाण्याच्या घागरी ठेवायचा कट्टादेखील दगडाचा. विहिरीच्या काठावर दोरांनी पाडलेल्या खाचा होत्या आणि त्यांतली एक खाच तिच्या ओळखीची होती. तिने बोट घालून पाहिलं. तेव्हा बोट अर्धं जायचं, आता पुरतं गेलं.

घरं तशीच होती, माणसं मात्र नव्हती. अर्ध्याअधिक दारांना कुलपं. कोणी कलकत्त्याला गेलं, कोणी दक्षिणेत. एका मोठ्या हवेलीच्या झरोक्यात मोर बसला होता आणि मालकासारखा गल्लीत बघत होता. इचरजबाई भिंतीवरून हात फिरवत चढत होती. तिला दम लागला होता, पण थांबवत नव्हतं. दगडाचं एक बरं, असं तिला वाटत होतं. माती दर साली लिंपावी लागते. दगड ठेवला तसा राहतो, परत आलेल्या माणसाला आपलं गाव सापडतं. बिचारीला तेव्हा तेवढंच ठाऊक होतं.

बदामबाई गोखड्यात बसली होती. हातात जपाची माळ, डोळ्यांत मोतीबिंदूचा पांढरा पडदा. केवढीशी झाली होती. पायऱ्यांवर दोन पावलांचे आवाज ऐकून तिने मान वळवली, आणि इचरजबाई उंबऱ्यातच उभी राहिली. गाडीत घोकलेलं वाक्य जिभेच्या टोकावर होतं. तिने तोंड उघडलं, आणि चोवीस वर्षांचा हुंदका आधी बाहेर आला, आणि हुंदक्याबरोबर जे आतून आलं ते आलं.

"माय वं, मी उनू."

माळ थांबली.

"इंदर," म्हातारी म्हणाली, "आ कुण बोले है?"

"जीजी है, मा."

"म्हारी इचरज कठे है?"

इचरजबाईने धावत जाऊन तिचे पाय धरले. मी, मीच इचरज, असं ती सांगायला लागली. जितकी घाई केली तितकं बिघडत गेलं. मारवाडी शब्द सापडेनात, सापडला तर त्याला अहिराणीचं शेपूट लागलेलं. म्हातारी मान तिरकी करून ऐकत होती. डोळे गेल्यापासून माणूस तिला आवाजावरून आणि बोलीवरूनच कळायचं. अकरा वर्षांच्या पोरीचा आवाज तिने इतकी वर्षं कानात जपला होता. हा आवाज जाड होता, प्रौढ होता, आणि परक्या मुलखाचं बोलत होता.

मग तिने हात पुढे केले. चेहरा चाचपला, आणि चेहरा पस्तीस वर्षांच्या बाईचा होता. हात चाचपले, तर हातात चुडा होता, म्हणजे जावई जिवंत. मग बोटं गळ्याशी आली आणि चांदीच्या पत्र्यावर थांबली.

इथे त्यांच्यातली एक रीत सांगितली पाहिजे. पहिली बायको मेली आणि नवऱ्याने दुसरी केली, तर दुसरीने पहिलीच्या नावाचा पत्रा गळ्यात घालायचा असतो. आणि मेलेल्या लेकीच्या आईबापांनी त्या दुसरीला लेक मानायचं, माहेरी आणायचं, साडीचोळी करायची. गेलेल्या लेकीची जागा तिची. चांगली रीत आहे, कोणा शहाण्याने दुःखावर उपाय म्हणून काढली असावी. बदामबाईची बोटं त्या पत्र्यावरून दोनदा फिरली आणि तिला सगळं कळलं, म्हणजे सगळं चुकीचं कळलं.

ती ओरडली नाही, आकांत केला नाही. या परक्या बाईचा यात काय दोष, असं तिच्या मनात आलं असावं. तिने इचरजबाईचं डोकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं आणि थोपटलं.

"रो मत," ती म्हणाली. "थूं ई म्हारी बेटी है."

तूसुद्धा माझी लेकच. आईच्या तोंडून 'माझी लेक' ऐकायला इचरजबाई मुलूख ओलांडून आली होती. ते तिला ऐकायला मिळालं, फक्त त्यात एक 'ई' होता. एका अक्षराने माणूस मरतं ते असं.

तिने हार मानली नाही. तो पत्रा माझ्या पन्नाचा आहे, तिने सांगितलं, माझ्या एकुलत्या मुलाचा, मानमोडीत गेला तो.

"इचरजरो बेटो?" म्हातारीने विचारलं.

"हां."

"मां-बेटो दोनूं गया," म्हातारी म्हणाली.

खुणेवरून ओळख पटावी, तर देवाने इचरजबाईच्या अंगावर एक तीळसुद्धा धड दिला नव्हता. मग तिने आठवणी काढल्या. घागरींच्या कट्ट्यामागे दगडात एक फट आहे, तिथे मी चिंचोके लपवायची. जिन्याची तिसरी पायरी हलते. छप्पन्नच्या दुष्काळात तू माझ्या नाकाशी बोट धरायचीस. म्हातारीचे आंधळे डोळे वाहायला लागले. ती म्हणाली, सगळं सांगून गेली हो ती त्या घरात, तुझ्यापर्यंत पोचलं. फार बोलायची माझी पोर.

जे जे पुरावा म्हणून पुढे करावं ते उलट्या बाजूने लागत होतं. गल्लीतल्या जुन्या दोन बायकांनी नाक बघितलं, कपाळ बघितलं, आणि म्हणाल्या की काकी, ही आपली इचरजच दिसते. बदामबाई त्यांच्याकडे कौतुकाने हसली. माझं मन राखायला बोलताहेत, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. मुलाला तिने एकच प्रश्न विचारला. "थूं कद देखी ही उणने?"

तू तिला कधी पाहिली होतीस? आणि खरंच, त्याने कुठे पाहिली होती. त्याच्या जन्माआधीच ती गेली होती. इंदरचंदने बहिणीकडे वळून पाहिलं, आणि क्षणभर, अगदी क्षणभरच, त्याच्या डोळ्यांतही शंका आली. त्याने लगेच मान खाली घातली. पण इचरजबाईला दिसायचं ते दिसलं होतं. आईपेक्षा ते तिला जास्त लागलं, कारण त्याचे डोळे चांगले होते.

मग बदामबाईने गल्लीत निरोप पाठवला. बायका जमल्या, तोंडावरून ओढण्या ओढून, भिंतीला टेकून बसल्या. त्यांच्यात रडण्याचीही रीत आहे. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन, सूर लावून, एकीने उचलायचं आणि बाकीच्यांनी धरायचं. त्यांनी इचरजचं नाव घेतलं. गोरी इचरज, बोलकी इचरज, दुष्काळात वाचलेली आणि परमुलखात गेलेली इचरज. काहींना खरं काय ते ठाऊक होतं, त्यांनी ओढणीआडून तिच्याकडे पाहिलंही, पण आंधळ्या म्हातारीचं तोंड कोण धरणार. आणि इचरजबाई त्यांच्यात बसली होती, आईला लागून, तीही ओढणी ओढून. थोड्या वेळाने तीही रडायला लागली. कोणासाठी रडावं हा प्रश्न तिला उरला नाही. विहिरीच्या खाचेत अर्धं बोट घालणारी ती पोर खरोखरच कुठे होती आता? तिच्यासाठी जगात अजून कोणी रडलं नव्हतं. तिचं तिनेच रडून घेतलं.

बायका गेल्यावर म्हातारीने तिचा हात हातात घेतला आणि विचारलं की तुझ्या कानावर आलं असेल, माझी पोर गेली तेव्हा तिला फार त्रास झाला का.

 मी इथे आहे, हे शेवटचं एकदा ओरडून सांगावं असं इचरजबाईला वाटलं. पण ओरडली असती तरी ते अहिराणीतच ओरडली असती.

"ना," ती म्हणाली.

"म्हने याद करती?"

"रोज," इचरजबाई म्हणाली. रोज हा शब्द दोन्हीकडे सारखाच. हां आणि ना सोडलं तर भाखरोदात तिच्या तोंडून बिनचूक निघालेला तो पहिला शब्द होता. म्हातारीने मान हलवली आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या हातून पाणी प्यायली.

निघायच्या दिवशी बदामबाईने भिंतीतल्या दगडी कपाटातून एक लाल ओढणी काढली. काठाला जरीचा गोटा होता, तो आता काळवंडला होता. इचरज आली की तिला द्यायची म्हणून ठेवली होती, ती म्हणाली, आता तू ने. इचरजबाईने ती घेतली. स्वतःची वस्तू दुसऱ्याची म्हणून घेतली आणि पाया पडली. "आवती रहीजे," म्हातारी म्हणाली, येत जा. ती गोखड्यात बसून राहिली आणि पावलांच्या आवाजाकडे कान लावून होती. खालच्या वळणापर्यंत इचरजबाईने मागे पाहिलं नाही. मग पाहिलं, तेव्हा नुसते दगड दिसले.

तापीवर दोधूची नाव लागली तेव्हा तुळशीबाई घाटावर धुणं घेऊन बसलेली होती. ओल्या हातांनीच उठून आली.

"माय भेटनी का?"

"भेटनी."

"मंग तोंड असं का तुन्हं?"

"मन्हं सुतक धरी बठेल शे ती," इचरजबाई म्हणाली. तुळशीबाईला काही उमगलं नाही. मग सगळं ऐकल्यावर ती दगडावर बसली आणि तिचं धुणं एक एक करून पाण्यात वाहायला लागलं. दोधूला ते काढायला नाव परत आत घालावी लागली.

त्या दिवसापासून इचरजबाईने दगडी घरांचं नाव काढणं सोडलं. पण दुसरं एक वेड घेतलं. तिच्या मनाने एक हिशेब मांडला होता आणि तो तसा वेडाचा नव्हता. आई जिवंत आहे. येत जा म्हणाली आहे. भाऊ पुढच्या दिवाळीनंतर न्यायला येणार आहे. तोवर बोली परत आणायची. शहाद्याला सोहनबाई म्हणून एक मारवाड्याची सून नवीन आलेली होती, थेट मारवाडातून. बाजाराच्या दिवशी इचरजबाई सुमेरमलबरोबर गाडीत बसून तिच्याकडे जायची आणि समोर मांडी घालून बसायची. कोवळी पोर ती, आपल्या आईच्या वयाच्या बाईला भाषा शिकवायला आधी लाजायची. मग तिलाही बरं वाटायला लागलं, घरची बोली बोलायला कोणीतरी मिळालं. 'शे' नाही, 'है'. 'मी उनू' नाही, 'म्हैं आई'. परत म्हणा काकीसा. परत.

फाल्गुनात शहाद्याला भाखरोदकडचा एक माणूस आला होता, त्याच्याकडून सुमेरमलला कळलं. बदामबाई पौषात गेली. शांत गेली म्हणाला. शेवटी म्हणत होती की लेक गेली, पण तिच्या जागी आलेली बाई फार मायेची आहे. सुमेरमलने हे सगळं घरी येऊन सांगितलं, शेवटचं वाक्यसुद्धा. त्याला लपवता येत नसे. मग तो आत गेला, आणि ज्याने आयुष्यात बायकोसाठी घागर उचलली नव्हती त्याने तिच्या अंघोळीचं पाणी काढलं.

इचरजबाई त्या पाण्याने न्हायली नाही. ती घाटावर गेली, जिथे तिचा बाप पाणी प्यायला होता तिथे, आणि डोक्यावरून बुडी मारून आली. रडली असेल तर पाण्यात रडली. बाहेर आल्यावर डोळे लाल होते, पण ते तापीनेही होतात.

त्यानंतरही ती शहाद्याला जायची थांबली नाही. सोहनबाईला वाटलं, आता कशाला, पण ती शिकवत राहिली. आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की इचरजबाई घाटाच्या पायरीवर येऊन बसायला लागली. एकदा तुळशीबाई भांडी घेऊन उतरली तर तिला कोणीतरी बोलत असल्याचा आवाज आला. जवळ गेली. इचरजबाई एकटीच होती. पलीकडच्या तीराकडे तोंड करून, हळू, एक एक शब्द जपून ठेवल्यासारखा ती म्हणत होती.

"मा, म्हैं आई हूं. म्हैं इचरज हूं."

कुठे अडखळली नाही. हुंदका नाही, शेपूट नाही. मग तिला चाहूल लागली आणि तिने मागे वळून पाहिलं.

"आते बरोबर शे का वं?" तिने विचारलं.

तुळशीबाईला मारवाडीचं एक अक्षर येत नव्हतं. तिने भांडी खाली ठेवली आणि तिच्याजवळ पायरीवर बसली.

"बरोबर शे," ती म्हणाली. "आखो एकदाव म्हन."

इचरजबाईने आणखी एकदा म्हटलं.